आधी झाडाखालचं बघा, मग बरण्यांचं

एका वाचक भगिनीचं पत्र:

‘आम्ही डोंबिवलीत राहतो, सासर राजापूर तालुक्यातलं. घराभोवती हापूसची दोन कलमं, एक जुना रायवळ आंबा, रातांब्याची (कोकमाची) चार झाडं आणि एक बरका फणस आहे. तिथे सासू-सासरे दोघंच असतात, दोघंही सत्तरीपुढचे. मे महिन्यात आम्ही आणि दीर-जाऊ मुलांना घेऊन जातो आणि सगळं एकदम अंगावर येतं. आंबे कुजतात, रातांबे झाडाखाली सडतात. २०२५ च्या मे महिन्यात पाऊस आला, तेव्हा आंब्याची साठं, म्हणजे आंबापोळ्या, वाळायच्या आत गेली आणि आमसुलांना वास आला. सासऱ्यांना ब्लडप्रेशर म्हणून लोणच्यात मीठ निम्मं घातलं, तर त्यालाही बुरशी धरली. सासूबाईंना प्रमाण विचारलं की “अंदाजाने” एवढंच उत्तर मिळतं. पुरुष मंडळी आंबे पडवीत ओततात आणि पंख्याखाली आडवी होतात, मुलं मोबाइलवर असतात. निघताना बरण्यांच्या वाटणीवरून जावेशी दरवर्षी धुसफूस होते. डोळ्यांदेखत फुकट जाऊ द्यायलाही जीव होत नाही. मोठा फ्रीझर घ्यावा का?’

प्रिय ताई,

तुम्ही विचारलंय स्वयंपाकघरातलं, पण पत्र वाचून मला वाटतं ते असं की तुमचं निम्मं नुकसान फळ घरात यायच्या आधीच झालेलं असतं. ‘आंबे पडवीत ओततात’ असं तुम्ही सहज लिहून गेलात, मी तिथेच थांबले. ओतलेला आंबा टिकत नाही. आपटल्याची खूण त्या दिवशी दिसत नाही, आढीत, म्हणजे पिकत घातलेल्या आंब्यांत, चार दिवसांनी काळा डाग होऊन वर येते, आणि मग शेजारचे चार आंबे घेऊन जाते. म्हणून आधी उतरवण्याबद्दल बोलू.

हापूस चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण, तयार झाला की उतरवायचा. सासऱ्यांना हे नक्की कळत असणार, पण पुढच्या पिढीला दाखवायला हवं. देठाच्या दोन्ही बाजूंचे खांदे देठापेक्षा वर आलेले असतात, देठाशी खळगा पडलेला असतो, सालीचा गर्द हिरवा रंग उतरून फिकट होतो. शंका आली तर बादलीभर पाण्यात आंबा सोडा. तयार असेल तर बुडतो, कोवळा असेल तर तरंगतो. हे काम मुलांना द्या. त्यांना ते आवडतंच, शिवाय तरंगणारे आंबे दुपारी पन्ह्याला आणि टक्कूला (कैरीच्या किसाच्या तोंडीलावण्याला) आपोआप वेगळे निघतात.

आंबा देठासकट यायला हवा, बोटाच्या दोन पेरांएवढा देठ ठेवून. देठ मुळातून तुटला की चीक सालीवर ओघळतो, साल भाजते, आणि कूज तिथूनच सुरू होते. साध्या आकड्याने ओढलं की नेमकं हेच होतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेला ‘नूतन झेला’ यासाठीच आहे. त्याला पातं असतं, देठ कापला जातो आणि आंबा जाळीत पडतो. दोन कलमांना एक झेला पुरतो. आंबे सकाळी अकराच्या आत किंवा संध्याकाळी चारनंतर उतरवा, आणि उतरवलेले लगेच सावलीत न्या. तापलेल्या जमिनीवर पडून राहिलेल्या हापूसमध्ये साका वाढतो, म्हणजे गर आतून पांढरट, स्पंजासारखा होतो. फांदी हलवून आंबे पाडणं तर आजपासून बंद. जे आपोआप पडलेले असतील त्यांची टोपली वेगळी ठेवायची. ते आढीत घालायचे नाहीत, त्यांचं त्याच दिवशी काय करायचं ते करून टाकायचं.

आणि दोन्ही कलमं एकाच दिवशी खाली करू नका. ‘एकदम अंगावर येतं’ याचं हे मोठं कारण आहे. एका झाडावरचे तयार तेवढेच काढा, पाच-सहा दिवसांनी पुन्हा बघा. आढी भाताच्या पेंढ्यात, दोन थरांच्या वर नको. रोज सकाळी एकाने हात फिरवून डागाळलेला आंबा बाहेर काढायचा. हे पाच मिनिटांचं काम आहे, पण ते ‘कोणीतरी’ करायचं ठरलं की कोणीच करत नाही. एका माणसाच्या नावावर ते लावा.

आता रातांबे. तुमच्याकडे चार झाडं आहेत, आणि मला विचाराल तर तुमच्या परसातलं सगळ्यांत मोलाचं तेच आहे. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, आणि तुमच्याकडे ते झाडाखाली सडतंय, हे वाचून खरंच वाईट वाटलं. आंबा चार दिवस थांबतो, रातांबा थांबत नाही. पिकून पडलेलं फळ त्याच दिवशी उचललं पाहिजे. सकाळी चहाच्या आधी मुलांची फेरी झाडाखाली झाली पाहिजे. पण पायात बूट आणि हातात काठी हवीच. आपल्याकडे उन्हाळ्यात पालापाचोळ्यात आणि चिऱ्यांच्या फटीत फुरसं, हा विषारी साप, असतो. आधी काठीने पाला हलवायचा, मग हात घालायचा. ही शिस्त मोठ्यांनीही पाळायची. झाडाखाली एक जुनी साडी किंवा शेडनेट पसरून ठेवलं तर फळ मातीत पडत नाही आणि पाल्यात हात घालायची वेळही कमी येते.

आमसुलांना वास का आला, तेही तुमच्या पत्रातूनच कळतं. रातांबा फोडून साल वेगळी करायची, आतला गर बियांसकट पातेल्यात घ्यायचा आणि त्यात मीठ घालायचं. किलोभर सालीला शंभर ग्रॅम मीठ मी धरते. त्या रसात साली रात्रभर बुडवायच्या, सकाळी निथळून उन्हात घालायच्या, संध्याकाळी पुन्हा त्याच रसात. अशी पाच-सात पुटं बसली की साल काळपट, चिवट होते आणि मग वर्षभर हलत नाही. घाईत दोन पुटांवर थांबलं किंवा मधेच आभाळ भरलं की साल आतून ओली राहते. वरून हाताला कोरडी लागते, पण मधोमध दुमडून दाबली की कडेला रस येतो. असा रस आला तर बरणी भरायची नाही. पातेलं स्टीलचं किंवा मातीचं घ्या. अ‍ॅल्युमिनियम किंवा तांब्या-पितळेचं अजिबात नको, कोकमाचं आंबटपण धातूला खातं.

आता खरा सल्ला. चारही झाडांच्या फळांची आमसुलं करायची नाहीत. आमसुलाला आठवडाभर कडक ऊन लागतं, आणि २०२५ मध्ये मोसमी पाऊस कोकणात २५ मेलाच येऊन थडकला होता. म्हणून पहिल्या दोन झाडांची, मेच्या पहिल्या पंधरवड्यातली फळं आमसुलांना आणि त्यानंतर येणारा सगळा माल सरबताला, असं ठरवून टाका. सरबताला उन्हाची गरज नाही. सालीच्या दुप्पट साखर घ्या. काचेच्या बरणीत सालीचा थर, साखरेचा थर, असं भरत न्या आणि आठवडाभर रोज कोरड्या लाकडी चमच्याने ढवळा. साखर पूर्ण विरघळली की गाळून कोरड्या बाटल्यांत भरा. साखर दुप्पट म्हटलं की लोक दचकतात आणि कमी करतात, आणि मग सरबत फसफसतं. तिथे साखर गोडीसाठी नसते, टिकवण्यासाठी असते. बाजारात टिकाऊपणासाठी जी पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची पूड मिळते, ती कोकमात घालू नका. त्याने कोकमाचा लाल रंगच उडतो. आणि बिया फेकू नका. वाळवून ठेवल्या की पावसाळ्यात सासूबाई त्यांचं मुठेल, म्हणजे कोकमाचं घट्ट तेल, काढतील. टाचांच्या भेगांना त्याच्याइतकं चांगलं काही नाही.

लोणच्याचं उत्तर थोडं कडू आहे. सासऱ्यांच्या काळजीपोटी मीठ निम्मं केलं, हे मला समजतं, पण लोणच्यातलं मीठ कमी करून चालत नाही. किलोभर फोडींना दोनशे ग्रॅमच्या खाली मीठ गेलं की बुरशीला मोकळं रान मिळतं. कमी मीठ हवं असेल तर त्यांच्यासाठी वेगळा मेथांबा किंवा टक्कू करा. तो थोडा करायचा, फ्रीजमध्ये ठेवायचा आणि आठवड्यात संपवायचा. वर्षाचं लोणचं पूर्ण मिठाचंच घाला. ते त्यांच्या ताटात किती पडावं, हा त्यांच्या डॉक्टरांशी बोलण्याचा प्रश्न आहे, बरणीतल्या मिठाचा नाही.

बाकी कैरी बाठ (कोय) धरलेली, झाडावरून काढलेली हवी, पडीची नको. धुऊन, पुसून, फोडी करून पंख्याखाली वरचं पाणी पूर्ण सुकू द्या. बरणी आदल्या दिवशी उन्हात तापवा. सासूबाई हिंगाची धुरी देत असतील तर द्या, चांगलीच आहे. तेल कडकडीत तापवून पूर्ण गार करून घाला, फोडींच्या वर बोटभर राहील इतकं. दर दोन-तीन दिवसांनी बघा, फोडी तेल पितात आणि वरच्या उघड्या पडतात, तेव्हा आणखी तेल घाला. आणि बुरशी आलेलं लोणचं वरचं काढून खालचं वापरायचं नाही. बरणीभर असलं तरी टाकायचं. बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याच्या पुष्कळ खाली गेलेले असतात, आणि घरात लहान मुलं आणि सत्तरीचे दोघं आहेत.

साठांसाठी रायवळच बरा, रस दाट आणि आंबट-गोड असतो. ताटाला तुपाचा हात फिरवून रस पातळ पसरा. पहिला थर पूर्ण वाळल्यावरच दुसरा घाला. एकदम जाड थर ओतणं हीच बहुतेक घरांतली चूक असते, वरून कातडी धरते आणि आत रस आंबतो. वर जाळी टाका, टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा म्हणजे मुंग्या येत नाहीत. आभाळ आलं आणि साठं अर्धी वाळलेली असली, तर ताटं तशीच झाकून ठेवू नका. ती खरवडून कढईत घ्या, साखर घाला आणि आटवून मावा करा. मावा मंद आचेवर पळीला चिकटून गोळा होईपर्यंत आटला की पावसाची चिंता राहत नाही. पण आंबूस वास आला असेल तर आटवूनही उपयोग नाही, टाकून द्या.

कोणीतरी तुम्हाला आंब्याचा रस बाटल्यांत भरून ठेवायला सांगेलच. भरू शकता, मात्र त्यात सायट्रिक अ‍ॅसिड किंवा लिंबू घालून, उकळी येईपर्यंत तापवून, उकळून घेतलेल्या बाटल्यांत गरम असतानाच भरा. मग झाकण लावून बाटल्या अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवा. अन्नातलं आम्ल कमी असेल, म्हणजे पीएच ४.६ च्या वर असेल, तर बंद बाटलीत बॉट्युलिझमचे जंतू वाढू शकतात. त्याचं विष जिवावर बेततं, आणि वासावरून ते कळत नाही. हापूस जास्त पिकला की त्याचं आंबटपण घटतं, म्हणून लिंबू वगळायचं नाही आणि फार पिकलेला आंबा बाटलीत घालायचा नाही. भाज्या, फणसाचे गरे, पाण्यातल्या आठळ्या असलं काही घरच्या घरी बाटलीबंद करू नका.

फणसाचं थोडक्यात. बरका आहे, म्हणजे गरे मऊ, तेव्हा तळलेले गरे विसरा. गर चाळणीवर घासून साठं घाला, जमतील तेवढीच, बाकी सांदणं करून तिथेच खा आणि एक-दोन फणस वाडीत वाटा. आठळ्या मातीत लोळवून, सुकवून ठेवल्या तर पावसाळ्यात सासू-सासऱ्यांच्या आमटीला येतील.

आता माणसांचं. तुमच्या पत्रात हे शेवटी आलंय, पण मला वाटतं खरी दमणूक याचीच आहे. पुरुषांनी आंबे उतरवले की त्यांचं काम संपलं, हा हिशेब कुठून आला? झाडावर दोन तास आणि विळीवर सात तास, असं ते काम आहे. रातांबे फोडणं, कैऱ्या कापणं, रस काढणं, ताटं आत-बाहेर करणं, यांपैकी एकाही कामाला बाई असावं लागत नाही. अडकित्त्यावर कैरी फोडायला तर चांगला जोर लागतो, ते काम तुमच्या नवऱ्याने आणि दिरांनीच करावं. हे भांडणात सांगू नका. पोचल्या दिवशी रात्री जेवण झाल्यावर सगळे पडवीत बसलेले असतात, तेव्हा कागद-पेन घेऊन बसा. यंदा काय काय करायचं, किती करायचं आणि कोणाच्या नावावर काय, हे सगळ्यांदेखत लिहा. यादी सासऱ्यांना मोठ्याने वाचायला सांगा. त्यांनी वाचलं की ते घरचं ठरतं, सुनेची तक्रार राहत नाही.

आणि त्या कागदावर तीनच पदार्थ लिहा. माझ्या मते आमसूल-सरबत, लोणचं आणि साठं. मुरांबा, आमचूर, मिठातल्या कैऱ्या, गुळांबा हे सगळं एका महिन्यात दोन घरांनी करायचं म्हणजे सगळं अर्धवट होणार, आणि अर्धवट झालेलंच खराब होतं. जे उरेल ते त्याच दिवशी द्या. वाडीत द्या, शाळेतल्या बाईंना द्या, रस्त्याला टोपली घेऊन बसणाऱ्या बाईला विकायला द्या. तुम्हाला ‘फुकट गेलं’ असं वाटतं ते कुजल्यावर. दुसऱ्याच्या ताटात गेलेला आंबा फुकट गेलेला नसतो.

उंच रायवळावर चढायला मात्र गडी लावा आणि त्याला नीट मजुरी द्या. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने शिडीवर पाय ठेवायचा नाही, ते कितीही म्हणोत ‘आयुष्यभर चढतोय’. त्यांना झाडाखाली खुर्ची टाकून द्या. कुठला आंबा तयार, कुठला नाही, हे त्यांनी सांगायचं आणि झेला नातवाने धरायचा.

वाटणीचं भांडण बरण्या भरल्यावर होतं, म्हणून वाटणी भरायच्या आधी ठरवा. आधी सासू-सासऱ्यांचा वर्षाचा वाटा बाजूला. मग लग्न झालेल्या नणंदा असतील तर त्यांची एकेक बरणी. तुम्ही लिहिलं नाहीत, पण असतील तर त्यांना वगळू नका, झाडं त्यांच्याही माहेरची आहेत. उरलेलं दोन घरांत सारखं. ‘आम्ही पाच दिवस जास्त राबलो’ असा हिशेब मांडायला लागलात तर कोणाचंच समाधान होणार नाही. जाऊबाईंना नोकरीमुळे कमी दिवस मिळत असतील तर साखर, तेल, मोहरी आणि बरण्या त्यांनी आणाव्यात. हे मात्र तुम्ही स्वतः फोन करून, मेच्या आधी, गोडीत बोला. नवऱ्यांमार्फत निरोप नको.

सासूबाईंच्या ‘अंदाजाने’चं काय करायचं? त्या लपवत नाहीत, ताई. त्यांच्या हाताला माहीत आहे, तोंडाला माहीत नाही. मिठाची बरणी काट्यावर ठेवा आणि वजन लिहून घ्या. त्यांना हवं तसं मुठीने घालू द्या, मग बरणी पुन्हा काट्यावर ठेवा. जेवढं कमी झालं तेवढं त्यांचं प्रमाण. तिखट, मोहरी, हळद, सगळ्याचं असंच. थोरल्या मुलाचा मोबाइल इथेच कामाला लावा. तो आजीच्या हातांचा व्हिडिओ काढेल, आकडे लिहील. आणि आजी बसून सांगतील, करणारे हात दुसऱ्यांचे असतील, असं पाहा. दरवर्षी त्यांनीच करायचं आणि बाकीच्यांनी उभं राहून बघायचं, यात कोणी काही शिकत नाही. मे महिन्याच्या उकाड्यात त्यांचेही गुडघे दुखत असणार.

फ्रीझर घेऊ नका, निदान गावाला तरी नको. वळवाच्या पावसात वीज गेली की कधीकधी दीड-दोन दिवस येत नाही, आणि जूनमध्ये तुम्ही सगळे परत आल्यावर तो सांभाळायला दोन म्हातारी माणसं. वितळून पुन्हा गोठलेला रस खाण्याजोगा राहत नाही. तेच पैसे नूतन झेल्याला, एका चांगल्या काट्याला, वाळवणाच्या जाळ्यांना आणि गड्याच्या मजुरीला घाला. डोंबिवलीच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा थोड्या रसाला पुरेल.

एक शेवटचं, तारखांबद्दल. तुम्ही मुलांच्या परीक्षा आणि रेल्वेचं तिकीट बघून जाता, आणि झाड तुमची वाट बघत नाही. सासऱ्यांना फोन करून विचारा, पहिला पाड, म्हणजे झाडावरच पिकलेला आंबा, कधी पडला. तो पडला की नवरा आणि दीर यांपैकी एकाने शनिवार-रविवारला एक दिवसाची रजा जोडून पुढे जावं. पहिली उतरवणी करून, आढी लावून, पहिले रातांबे वाळत घालून यावं. पहिल्या आढीतले आंबे पिकेपर्यंत तुम्ही बाकीचे पोचाल. या वर्षी कोण जाणार, ते आजच दोघांना विचारून घ्या, तिकिटं लवकर संपतात.